बाजूला न बसलेली मुलगी

त्या वर्षी नगर जिल्ह्यात बारीक असणं ही बातमी नव्हती. बैल बारीक झाले होते, विहिरी बारीक झाल्या होत्या, प्रवरेची तर संगमनेरापाशी नुसती रेघ उरली होती. वाढली होती ती फक्त पाहणीला येणाऱ्या साहेबांच्या जीपमागची धूळ. अशा साली एखाद्या मुलीनं जेवण सोडलं, तर ते कोणाच्या डोळ्यावर यावं? तिच्या ताटात उरलेल्या भाकरीवर मात्र सगळ्यांचा डोळा.

मुक्ता पारनेर तालुक्यातली. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि ती संगमनेरात अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहात राहून मास्तरीण व्हायला शिकत होती. वसतिगृहात बत्तीस मुली, एक रेक्टरबाई आणि स्वयंपाकाला राहीबाई. खोल्या दोघी-दोघींच्या. सात नंबरला मुक्ताबरोबर शरिफा होती, नेवाशाच्या पीरमहंमद बांगडीवाल्याची मुलगी. जूनमध्ये खोल्या वाटताना शरिफाच्या नावापुढे कोणाचं नाव घालावं हा प्रश्न रेक्टरबाईंना दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मुक्ताच ट्रंक उचलून सातमध्ये गेली आणि म्हणाली, "बाई, माझं नाव घाला. मी घोरते, मला तशीही कोणी घेणार नाही."

ती घोरत नव्हती. हे शरिफाला पहिल्याच रात्री कळलं, आणि त्या दिवसापासून तिच्या लेखी मुक्तासारखी मैत्रीण अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

आल्याच महिन्यात शरिफानं तिच्या हातात बांगड्या भरल्या. बांगडीवाल्याच्या घरात टेप नसते. हात हातात घेतला की माप कळतं. मुक्ताचा हात दोन-सहाचा, तोही साबण लावून, अंगठा दाबून, "आई गं" म्हणवून.

जुलैत मुक्ताला घरून पत्र आलं. कामावर खायला सुकडी मिळते, बरी असते, आमची काळजी करू नये. त्या दिवशी मुक्तानं दोन भाकऱ्यांतली एक शेजारच्या मुलीला दिली. भाकरी रेशनच्या लाल मिलोची, बाहेरून आलेल्या ज्वारीची असे. गिळताना ती माणसाला आपण कोण आहोत याची आठवण करून द्यायची.

"आई तिथं दगड फोडते," मुक्ता म्हणाली, "मला दोन उतरत नाहीत."

शरिफाला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. मग एकीची अर्धी झाली. अर्धीची कोर झाली. रेक्टरबाईंनी सकाळच्या प्रार्थनेनंतर मुक्ताचं नाव घेऊन सांगितलं की मुलींनो, जिभेवर ताबा कसा असावा ते हिच्याकडून शिका. मुली एवढंच शिकल्या की पंगतीत हिच्या शेजारी बसावं. त्या जागेसाठी चढाओढ लागली. शरिफा कायम दुसऱ्या बाजूला, शेवटच्या पानावर. तिला मुक्ता काही देत नसे. म्हणे, "तू माझी आहेस, तुला कशाला यात वाटेकरी करू?" त्याचा अर्थ शरिफाला तेव्हा लागला नाही.

ऑक्टोबरात घट बसले, आणि त्याच अमावस्येनंतर चंद्र दिसला तसा रमजान लागला. दोन दिवसांच्या फरकानं सातमधल्या दोघी उपाशी. मुलींनी खोलीला 'उपासखाना' नाव ठेवलं. मुक्ताचा उपवास नुसत्या पाण्यावरचा. भगर नाही, रताळं नाही, शेंगदाणा नाही. असं असून ती पहाटे उठून शरिफासाठी स्टोव्हवर चहा ठेवायची, रात्रीची भाकरी तव्यावर कुरकुरीत करायची. संध्याकाळी शरिफाचा रोजा सुटायची वेळ झाली की बशीत दोन खजूर मांडायची, त्यांच्यातलं अंतरसुद्धा जुळवायची, आणि समोर मांडी घालून बसायची.

"कसं लागलं?"

"खजुरासारखं."

"तसं नाही गं. नीट सांग. आधी गोड लागतं का आधी चिकट लागतं?"

शरिफा हसून सांगायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र तिचं हसू थांबलं. मुक्ता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती घशाकडे बघत होती. घास खाली जातो तिथं.

दसऱ्याला राहीबाईनं कुठून तरी गूळ मिळवला आणि माणशी एक पुरणाची पोळी केली. त्या साली पोळी म्हणजे काय चीज होती ते आता सांगून पटणार नाही. एकतीस मुलींनी ताटावर माना घातल्या. शरिफाचा रोजा, म्हणून ती पंगतीच्या टोकाला नुसतीच बसली होती, गप्पांपुरती. सबंध जेवणघरात जिच्यापुढं ताट नाही अशी ती एकटी. त्यामुळे जिला माणसांचे चेहरे दिसत होते अशीही ती एकटीच.

उपास सोडणारं माणूस तिनं जन्मापासून पाहिलं होतं. तिचे अब्बा गंभीर माणूस. मशिदीत चार लोक त्यांना वाट देत. पण बांग झाली की त्यांचाही हात बशीकडे जाताना थोडा घाई करायचा. त्या घाईची त्यांना लाज वाटायची आणि अम्मी मुद्दाम दुसरीकडे बघायची. भूक कितीही शहाणी असो, सोडायच्या क्षणी ती हातात येतेच.

मुक्तानं नऊ दिवसांनी पोळी पुढं ओढली. तिच्या हातात काही आलं नाही. तिनं पोळीचे चार तुकडे केले, चाराचे आठ, आठाचे सोळा. तुकडे ताटात फिरवले. एक आमटीत बुडवला, दुसरा भाताखाली सरकवला. शेजारणीशी बोलली, हसली, बोटं चाटल्यासारखं केलं. पोळी तेवढीच राहिली. राहीबाई तुपाची वाटी घेऊन जवळ आली तेव्हा मुक्तानं वर पाहिलं. मुक्ता घाबरली होती. कुत्रं अंगावर यावं तशी तुपाच्या चमच्याला घाबरली होती.

हिला भूक नाही असं नाही, शरिफाला वाटलं. हिला जेवणाची भीती बसली आहे.

त्यानंतर शरिफा नजर ठेवू लागली. तिला ते आवडत नव्हतं, पण तिचे डोळेच तसे झाले होते. ऑक्टोबर हीटमध्ये पोरी पदरानं वारा घेत असताना मुक्ता स्वेटर घालून बसायची. नखं जांभळी. विंचरल्यावर फणीत केसांचा पुंजका, आणि डोक्यावरून जातात ते केस जसे काही दुसरीकडे उगवत होते: हातांवर, गालांवर बारीक भुरी लव. सकाळी नळाला पाणी नसलं की ती सगळ्यांच्या आधी घागर घेऊन निघायची. पाणी आणून झालं तरी मैदानाला फेऱ्या घालायची. शरिफानं मोजल्या, चाळीस झाल्या आणि तिनं मोजणं सोडलं. बांगड्या मुक्तानं कोपरापर्यंत चढवल्या होत्या. तरी बादलीत हात घातला की निघून तळाला जायच्या.

"बघू हात," शरिफा एकदा म्हणाली.

मुक्तानं हात दिला, आणि शरिफाच्या बोटांनी सवयीनं माप घेतलं. असं माप तिच्या अब्बांच्या पेटीत एकच होतं, बारशाच्या पोरींचं नाही, पण पहिली-दुसरीतल्या पोरींचं.

"जाड आहे ना अजून?" मुक्तानं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

शरिफाला त्या रात्री झोप आली नाही, कारण पलीकडच्या कॉटवरून श्वासाचा आवाज इतका हळू येत होता की तो येतो आहे याची दर थोड्या वेळानं खात्री करावी लागत होती.

ट्रंकेचा शोध मुंग्यांनी लावला. उंबऱ्यापासून निघालेली रांग थेट मुक्ताच्या ट्रंकेत शिरत होती. मुक्ता फेऱ्या घालायला गेलेली. शरिफानं झाकण उघडलं. शिवणाच्या पिशवीत भाकरीचे तुकडे होते, काही वाळून खापरी झालेले, काही बुरसलेले. रुमालात बांधलेलं पुरण होतं, त्याला वास सुटलेला. पार खाली, कागदात नीट गुंडाळून, शरिफानंच जुलैत दिलेला नानकटाईचा पुडा, न उघडलेला. ज्या साली लोक झाडाचा पाला खात होते त्या साली एका ट्रंकेत पंधरा दिवसांचं जेवण कुजत होतं. शरिफानं ट्रंक लावली आणि आपण चोर असल्यासारखी धापा टाकत बसली.

मुक्ता आल्यावर तिनं सरळ विचारलं. मुक्ता आधी रडली, मग चिडली, मग एकदम गोड झाली. पाणी हेलकावावं तशी ती एकातून दुसऱ्यात जात होती.

"आईसाठी साठवलंय."

"बुरसलेलं?"

"तुला काय कळतंय? तुझा रोजा संध्याकाळी सुटतो."

"हो. तोच तर फरक आहे."

"शरिफा, हे कोणाला बोललीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. आईशप्पथ. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाईन तेव्हा आपोआप सुधारेन मी. तिथं बरं वाटतं मला."

सुट्टीला दहा दिवस होते. घरी आई-बाप सूर्य उगवायच्या आत कामावर जाणार, ते अंधार पडल्यावर येणार. मुलगी जेवली का हे बघायला घरात फक्त चूल. शरिफाला सुट्टी दिसेना. तिला सुट्टीनंतरची सात नंबरची खोली दिसू लागली, आणि तीत एकच कॉट.

ती रेक्टरबाईंकडे गेली. बाई हजेरीपट भरत होत्या.

"बाई, मुक्ता काही खात नाही."

"माहीत आहे. आम्हाला अभिमान आहे तिचा."

"बाई, उपास संपला. तरी खात नाही. मरेल ती."

रेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त सगळ्या गोष्टींचं कारण आधीपासून ठाऊक असायचं.

"हे बघ शरिफा. देवीचं करणाऱ्याला बळ देवीच देते. तुमच्यात हे नसेल, म्हणून तुला घाबरायला होतंय. आणि एक विचारू? ती खात नाही तर तुमचं भांडण वगैरे झालंय का?"

शरिफा परत आली. चार दिवसांनी मुक्ता सरावशाळेत पाठ घेताना पडली. तिसरीच्या वर्गाला 'आपले अन्न' शिकवत होती. फळ्यावर भाकरीचं चित्र काढून झालं होतं, दुधाच्या पेल्याला सुरुवात होती. पोरांना वाटलं बाई खडू उचलायला वाकल्या, म्हणून पोरं शहाण्यासारखी वाट बघत बसली. मुख्याध्यापकांनी साखरपाणी दिलं. मुक्तानं ते घेतलं, तोंड पुसलं, आणि मागे बसून पाठ पाहणाऱ्या शरिफाला दिसलं की सगळं साखरपाणी रुमालात गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "दुष्काळ आहे. कोण पडत नाही?"

त्या संध्याकाळी शरिफा स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसली. जेवणघराबाहेर ओसरीवर एक वेगळी चटई असायची. ज्या मुलीची पाळी असेल तिनं चार दिवस त्या चटईवर बसायचं, राहीबाई वरून वाढणार. या एका बाबतीत वसतिगृहात जातधर्म नव्हता, चटई बत्तीस जणींना सारखी. शरिफा नुकतीच तिथून उठली होती. त्या दिवसांचे रोजे तिला नंतर भरून काढायचे होते.

राहीबाई परात घासत म्हणाली, "तू उठलीस व्हय. पर तुजी जोडीदारीन?"

"तिचं काय, मावशी?"

"आगं, तुमा दोगींचं एका टायमाला असायचं. तू बसली की मागोमाग ती. जून झाला, जुलै झाला. त्येच्यानंतर तू यकटीच बसतीस. तीन म्हयने झाले. म्या म्हनलं, उपास-तापासात मागंपुढं व्हतंय. पर तीन?" राहीबाईनं परात पालथी घातली. "कुनाला बोलले न्हाई म्या. पोरीच्या जातीची अब्रू आसती. बाईच्या कानावर गेलं तर दिवस ग्येले म्हनतील नि उबी हाकलतील."

शरिफा पायरीवरच बसून राहिली. दिवस जाणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, आणि मुक्ताच्या अंगात स्वतःपुरतासुद्धा जीव उरला नव्हता हेही. पण राहीबाईचं बरोबर होतं. रेक्टरबाईंना ही एकच गोष्ट ऐकू गेली असती. मुलगी मरते आहे ही तक्रार त्यांनी देवीकडे वर्ग केली होती. मुलगी बिघडली आहे ही मात्र सरळ त्यांच्या खात्यातली.

विचार मनात आला आणि शरिफाला स्वतःचीच भीती वाटली. आपण खोटं बोलायचं नाही. जे आहे तेवढंच सांगायचं. त्याचा अर्थ त्यांचा त्या लावतील. मुक्ताला निदान डॉक्टरकडे तरी नेतील. आणि मग? डॉक्टरांनी सांगेपर्यंत मुक्ता बत्तीस मुलींच्या तोंडी. सांगितल्यानंतरही, थोडी. आणि तिच्या गावात कायमची. एकदा असं नाव निघालं की त्याला कुठल्या डॉक्टरचा दाखला पुसतो?

तिनं सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. सकाळी मुक्ता घागर घेऊन निघाली आणि फाटकाशी घागरीसकट बसली. घागर रिकामी होती.

शरिफा रेक्टरबाईंच्या दारात गेली. तिनं चौकट धरली.

"बाई, मुक्ता तीन महिने बाजूला बसली नाही."

पुढचं सगळं पंधरा मिनिटांत झालं. रेक्टरबाईंनी आधी दार लावलं, मग उघडलं, मग टांगा बोलावला. मुक्ताच्या वडिलांना 'ताबडतोब या' अशी तार करायला शिपाई पिटाळला. मरणाऱ्या मुलीसाठी इतके दिवस जो टांगा मिळाला नव्हता तो बदनाम मुलीसाठी दारात येऊन उभा राहिला. मुक्ताला काही कळत नव्हतं. बाईंनी टांग्यात स्वतःचा पदर तिला लागू नये म्हणून आवरून घेतला. शरिफा मागं पाय लोंबकळत बसली होती. वसतिगृहाच्या खिडक्यांत तीस तोंडं होती. बातमी टांग्याच्या आधी पोचली होती.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी रेक्टरबाईंचं कुजबुजणं ऐकून घेतलं, मुक्ताला आत नेलं आणि पडदा ओढला. शरिफानं पडद्याखालून मुक्ताची पावलं वजनकाट्यावर चढताना पाहिली. काटा हलल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हात पुसत.

"दिवसबिवस काही नाही."

रेक्टरबाईंनी मोठा श्वास सोडला. "देवच पावला. म्हणजे काही नाही ना?"

"एकतीस किलो वजन आहे. नाडी मिनिटाला बेचाळीस. तुम्ही हिला काय देता खायला?"

"सगळं देतो हो. तीच घेत नाही. फार संयमी मुलगी आहे."

"असाच संयम राहिला तर पंधरवड्यात जाईल." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "शिकत होते तेव्हा पुस्तकात वाचलं होतं. अन्न समोर असून मुली खाणं टाकतात, आणि हाडं लागली तरी त्यांना आपण जाडच दिसतो. मला वाटायचं, हे सुकाळातल्या देशांचं दुखणं. दुष्काळात कोण ओळखणार? सगळेच वाळलेले. हिला इथंच ठेवावी लागेल. पाळी बंद आहे हे कोणाच्या लक्षात आलं?"

रेक्टरबाईंनी शरिफाकडे पाहिलं. "तू मला असं का सांगितलंस गं?"

"खरं तेवढंच सांगितलं, बाई. आधी दुसरंही खरं सांगितलं होतं."

जाताना टांगा बाईंनी शरिफासाठी ठेवला आणि स्वतः चालत गेल्या. त्यातलं काय समजायचं ते शरिफाला समजलं नाही.

मुक्ताचे वडील रंगनाथ दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं आले. तार वाचून घेतली होती, पण तारेत कारण नव्हतं. ते वसतिगृहाच्या फाटकाशी कोणीतरी सांगितलं होतं. धुळीनं पांढरे झालेले, हाताला चिंध्या बांधलेल्या. दवाखान्याच्या दारात आल्यावर त्यांनी कॉटकडे पाहिलं आणि ज्या रागानं आले होते तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"ही मुक्ता हाय?"

"होय, काका."

"आन् तसलं बोलली ती तूच व्हय?"

"मी."

"न्हवतं तसं काई?"

"नव्हतं. पण हिला इथं आणायला दुसरं काही चालेना."

रंगनाथ कॉटच्या पायथ्याशी टेकले. बराच वेळ त्यांनी मुलीच्या पावलावर हात ठेवला. "गावात आता काय तोंड दावायचं?" ते म्हणाले, पण ते विचारत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन म्हयन्यांमागं बघितलं असतं तर म्याच उचलून आनली असती. सुट्टी न्हवती कामावर." मग पाण्याचं निमित्त काढून बाहेर गेले आणि लवकर आले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं: दर दोन तासांनी वाटीभर पेज, तीही चमच्यानं, आणि नंतर अर्धा तास शेजारी कोणीतरी बसायचं. एकटं सोडायचं नाही. एकदम जास्त द्यायचं नाही, तेही जिवावर बेततं. दोन दिवसांत काही होणार नाही. महिने लागतील, आणि महिन्यांनंतरही खात्री मी देत नाही.

शरिफा वाटी घेऊन पुढं झाली. मुक्तानं भिंतीकडे तोंड केलं होतं.

"तू जा."

"जाते. हे घे, मग जाते."

"माझी अब्रू घेतलीस."

"घेतली."

"सगळ्या वसतिगृहात. माझ्या बापाच्या देखत."

"हो."

शरिफानं वाटीतली पेज ढवळली. मुक्ताच्या मानेची शीर उडत होती, इतकी हळू, की दोन ठोक्यांमध्ये शरिफाचा जीव थांबायचा.

"मी बरी झाले ना," मुक्ता भिंतीला म्हणाली, "की पहिल्यांदा खोली बदलून मागणार आहे. तुझं नावसुद्धा घेणार नाही."

शरिफानं चमचा भरला.

"माग. अर्ज मी लिहून देते. तुझं अक्षर वाईट आहे."

मुक्ता रागानं वळली. रागातच तिनं तोंड उघडलं, काहीतरी बोलण्यासाठी, आणि शरिफानं चमचा आत घातला. मुक्ताचे डोळे मोठे झाले, तेच तुपाच्या वेळचे. पेज गालात राहिली. शरिफा रुमालाकडे बघत होती. रुमाल मुक्ताच्या मुठीत होता, मूठ आवळलेली.

बाहेर कोणीतरी बादली ठेवली. मुक्तानं डोळे मिटले, घसा हलला, एकदा, फार कष्टानं. मग डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं.

"अजून किती?" तिनं विचारलं.

"नऊ चमचे," शरिफा म्हणाली. तिनं वाटीत पाहिलं होतं, बारा तरी होते.